ग्रामसभेला न जाणं पण मोजलं जातं

ग्रामपंचायतीचं इलेक्शन लागलं की आमच्या गावात पुण्या-मुंबईहून गाड्या भरभरून लोक येतात, रजा टाकून येतात, रात्रभर प्रवास करून सकाळी तोंडावर पाणी मारून लाईनीत उभे राहतात, अंथरुणाला खिळलेल्या आज्ज्यांना खुर्चीत बसवून बूथवर आणलं जातं, आणि मला ते बघून खरंच भरून येतं कारण एवढ्या लांबून फक्त मत द्यायला येणं ही साधी गोष्ट नाही. पण गुलाल धुतला गेला की त्याच गावात ग्रामसभेला माणूस मिळत नाही. झेंडावंदन होतं, पोरांना खाऊ वाटला जातो, शाळेच्या पटांगणातून सगळे सरळ घरी, आणि ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सरपंच, ग्रामसेवक, शिपाई, दोन-चार सदस्य आणि नेहमीची ठरलेली माणसं. यावर मला खूप दिवसांपासून लिहायचं होतं, आज बसलेच.

बऱ्याच जणांना वाटतं की ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीची मीटिंग आणि आपण तिथे बघायला जायचं. तसं नाहीये हो. ग्रामपंचायतीची मासिक सभा वेगळी, ती निवडून आलेल्या सदस्यांची. ग्रामसभा आपली. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य आहे, मग ती कालपरवा अठरा पूर्ण झालेली कॉलेजची पोरगी असो नाहीतर सत्तर वर्षांचे तात्या, निवडून यावं लागत नाही, कोणाची चिठ्ठी लागत नाही, पार्टी लागत नाही. विधानसभेत आपल्या वतीने आमदार बसतो, लोकसभेत खासदार बसतो, आपण टीव्हीवर बघतो. आपण स्वतः जाऊन बसायचं, बोलायचं, हात वर करून ठराव करायचा अशी जागा आख्ख्या देशाच्या रचनेत ही एकच आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ च्या डिसेंबरमध्ये संसदेत पास झाली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, आणि तिने ग्रामसभेला थेट राज्यघटनेत आणून बसवलं. आपल्याकडे महाराष्ट्रात तर ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा आहे, त्यात कलम ७ आणि ८ वाचा, मराठीत मिळतो, फार अवघड नाहीये, आणि वाचल्यावर तुम्हाला पहिला प्रश्न हाच पडेल की एवढं सगळं आपल्या हातात होतं आणि कोणी सांगितलं कसं नाही.

आता कोरमचं बघा, म्हणजे सभा भरायला कमीत कमी किती माणसं लागतात त्याचं, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे.

ग्रामसभेचा कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावात १५ टक्के होतात तीनशे, पण शंभर चालतात. शंभर! लग्नाच्या साखरपुड्याला आपल्याकडे याच्यापेक्षा जास्त माणसं येतात. तरी शंभर जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, पुढची तारीख दिली जाते, आणि गंमत नाही तर धक्का बसावा अशी गोष्ट ही की तहकूब सभेला कोरमची अटच नाही. मग तिथे वीस माणसं असली तरी ठराव होतो, आणि तो ठराव "ग्रामसभेने सर्वानुमते मंजूर केला" असाच लिहिला जातो, त्या सर्वानुमतेमध्ये तुम्ही पण आलात आणि मी पण आले. घरी बसलेला माणूस म्हणतो मी कशातच नाही, मी कुणाच्या बाजूने नाही. पण तो असतो ना. त्याची गैरहजेरी पकडूनच तर सभा तहकूब झाली आणि त्याच्या गैरहजेरीमुळेच वीस जणांचा शब्द दोन हजारांचा झाला. कायद्याने असं का केलं हे पण समजतं मला, नाहीतर लोक येत नाहीत म्हणून गावाची कामंच अडकून पडतील. पण त्या सोयीची सवय झालीये. काही ठिकाणी तर पहिली सभा तहकूब होणार हे आधीच धरलेलं असतं, दवंडी नीट दिली जात नाही, नोटीस बोर्डावर एक कागद चिकटवला की झालं, खरं तर नोटीस सात दिवस आधी द्यायची असते.

आणि प्रोसिडिंग. ज्यांनी ग्रामपंचायतीत थोडं जरी डोकावलंय त्यांना प्रोसिडिंग बुक काय चीज आहे माहिती असेल. सभेत काय बोलणं झालं, कोणते ठराव झाले, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे त्या वहीत लिहिलं जातं आणि पुढे तीच वही म्हणजे सत्य. तुम्ही काय बोललात ते महत्त्वाचं नाही, वहीत काय उतरलं ते महत्त्वाचं. सह्या आधी घेऊन ठेवायच्या, मजकूर नंतर लिहायचा, मध्ये जागा सोडायची, "आयत्या वेळचे विषय" म्हणून शेवटी काहीतरी घुसवायचं, हे प्रकार गावोगावी चालतात आणि गावोगावी सगळ्यांना माहितीयेत. हजेरीचं रजिस्टर घेऊन शिपाई घरोघर फिरतो, आपण चहा पिता पिता सही ठोकतो, "कशाची आहे रे?" एवढं पण विचारत नाही. ती सही म्हणजे आपण सभेला होतो. आपण होतो आणि आपल्याला मान्य होतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते की घरी आलेल्या रजिस्टरवर सही करू नका, अजिबात करू नका, शिपाई बिचारा ओळखीचा असतो, त्याच्यावर राग नाही काढायचा, त्याला प्रेमाने म्हणायचं की मी येते सभेला आणि तिथेच करते.

बरं सभेला जाऊन करायचं काय, हा प्रश्न मला खूप जणी विचारतात. "आम्हाला काय कळतंय त्यातलं." कळतं सगळं. वर्षाची पहिली ग्रामसभा असते ना, आर्थिक वर्षातली, त्यात कायद्यानेच मागच्या वर्षीचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, या वर्षी काय कामं करणार त्याचा प्लॅन, ऑडिटमध्ये काय शेरा मारला आणि त्याला काय उत्तर दिलं, हे सगळं लोकांपुढे ठेवायचं असतं. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, "वाचून दाखवा." बास. दोन शब्द. आवाज चढवायची गरज नाही, भांडायची गरज नाही, कोणावर आरोप नाही. आमच्याकडे एकदा असंच एका वहिनींनी विचारलं, की ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते मागच्या वर्षी कशावर झाले. वाचलं गेलं की शिवणकामाचं प्रशिक्षण. मग त्यांनी मागे वळून बसलेल्या बायकांनाच विचारलं, "कुणी घेतलं गं हे प्रशिक्षण?" कोणीच हात वर केला नाही. हॉल शांत. एक जण मागून म्हणाले, "वैनी, जाऊ द्या की आता, कशाला वाढवताय." वहिनी म्हणाल्या, "मी वाढवत न्हाई, मी इचारत्येय." आणि खाली बसल्या. त्या दिवशी दुसरं काही झालं नाही, चौकशी नाही, कोणी सस्पेंड नाही, पण पुढच्या वर्षीच्या प्लॅनमध्ये अंगणवाडीला पाण्याची टाकी आली आणि ती खरोखर बसली, पोरं तिथे हात धुतात.

हे १० टक्के सारखंच अजून दोन आकडे लक्षात ठेवा. १५ टक्के मागासवर्गीयांच्या वस्तीसाठी आणि त्यांच्यासाठीच्या कामांना, ५ टक्के दिव्यांग लोकांसाठी. दिव्यांगांचा पैसा तर अनेक ठिकाणी पडून असतो किंवा कशातरी दाखवला जातो, आणि ज्याच्यासाठी आहे तो माणूस पायऱ्या चढून हॉलपर्यंत पोचू शकत नाही म्हणून विचारायला येत नाही. त्याच्या वतीने आपण विचारायला नको का? मला वाटतं नागरिक म्हणून आपलं काम तिथूनच सुरू होतं, स्वतःच्या दारातल्या गटारीच्या पुढे.

केंद्राचा वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीला येतो, १५ व्या वित्त आयोगात (२०२१ ते २०२६) त्याचे दोन भाग होते, ६० टक्के बंधित म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यावरच करायचा खर्च, आणि ४० टक्के अबंधित म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. ई-ग्रामस्वराज नावाची सरकारी वेबसाईट आहे, तिथे आपल्या गावाचं नाव टाकलं की आराखडा दिसतो, कोणत्या कामाला किती पैसे गेले ते दिसतं. मोबाईलवर दिसतं, लॉगिन लागत नाही. आमच्या गल्लीतली पोरं दिवसभर रील बघतात, त्यातल्या एकाला मी हे उघडून दिलं तर तो तासभर त्यातच, "काकू हे काम तर झालंच नाही", "काकू हे आपल्या शाळेजवळचं आहे का", त्याने स्वतःहून स्क्रीनशॉट काढले आणि प्रिंट मारून सभेला घेऊन आला. एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याला उत्तर पण मिळालं, एका कामाचं बिल अर्धवट होतं आणि कॉन्ट्रॅक्टरने काम सोडलं होतं, हे कागदोपत्री खरं निघालं आणि बाकीचं काम नंतर पूर्ण झालं. प्रत्येक वेळी चोरीच असते असं नाही, हे पण सभेला गेल्यावरच कळतं. सरपंचांना पण कितीतरी अडचणी असतात, फंड उशिरा येतो, इंजिनिअर एस्टिमेट देत नाही, आणि लोक पारावर बसून त्यांना चोर म्हणतात. समोर बसून विचारलं की त्यांना पण समोर बसून सांगता येतं.

बायकांबद्दल मला जास्त बोलायचंय. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तसं कायद्यातच आहे. किती गावांत होते? आणि झाली तरी हळदीकुंकवासारखी होते. मला याचा राग यासाठी येतो की गावातल्या याच बायका बचत गट कसा चालवतात ते मी रोज बघते. एक रुपयाचा फरक आला तरी कोणी उठत नाही, परत बेरीज, परत बेरीज. कोणी कर्ज कशासाठी घेतलं, हप्ता का थकला, सगळं तोंडपाठ. त्यांचं रजिस्टर घ्या आणि ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग घ्या, शेजारी ठेवा, कोणाचं नीट लिहिलंय ते बघा. आणि याच बायकांना सांगितलं जातं की तुम्हाला त्यातलं काय कळतंय. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, आमच्या तालुक्यात कितीतरी सरपंच बायका आहेत, काही जणींचे नवरे खुर्चीत बसतात हे खरं आहे, पण काही जणी स्वतः बसतात आणि उत्तम बसतात, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

बायकांनी मनावर घेतलं की ग्रामसभेत काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. २०२२ च्या मे महिन्यात या गावाने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची ही प्रथा आमच्या गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. आणि थोड्याच दिवसांत राज्य सरकारने परिपत्रक काढलं की बाकीच्या गावांनी पण हेरवाडचा कित्ता गिरवावा. बघा ना, एका गावाच्या सभेत हात वर झाले आणि मंत्रालयाला त्यांच्या मागून यावं लागलं. ठराव झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्यांची मनं बदलली असं मी म्हणत नाही, पण ज्या बाईला बांगड्या ठेवायच्या आहेत तिच्या पाठीशी आता गावाचा कागद आहे, एकटीने सासरच्यांशी भांडायचं नाही.

दुसरं म्हणजे दारूबंदी, उभी बाटली आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के महिलांनी सह्या करून मागणी केली की मतदान घेता येतं, आणि निम्म्यापेक्षा जास्त महिलांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. पण हे निम्मे कशाचे? मतदानाला आलेल्यांचे नाहीत. गावातल्या सगळ्या महिला मतदारांचे. म्हणजे हजार बायका यादीत असतील तर पाचशेच्या वर आडव्या बाटल्या पाहिजेत, आणि जी बाई घरी राहिली, तिला दारू नको असली तरी, तिचा आकडा दुकानाच्या बाजूने गेला. कितीतरी गावांत बहुतेक मतं आडव्या बाटलीला पडून पण दुकान राहिलं, कारण बायका पुरेशा आल्याच नाहीत. काही आल्या नाहीत, काहींना येऊ दिलं नाही, ऊसतोडीला गेलेल्यांचं तर काय करणार, त्यांची नावं यादीत आणि त्या दोनशे किलोमीटरवर फडात. हे मला सगळ्यात जास्त लागतं. तहकूब सभेत पण तेच, इथे पण तेच, तुम्ही न येण्याचा हिशोब कुठेतरी लागतोच आणि तो बहुतेक वेळा तुमच्या विरुद्ध लागतो.

आता कोणी म्हणेल की तुम्ही फारच गावाचं कौतुक करताय, गावात काय काय चालतं माहितीये ना. माहितीये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बोलताना गावाबद्दल फार कडक बोलले होते, गाव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयवाद यांचं डबकं या अर्थाचं, आणि म्हणूनच त्यांनी घटनेच्या मसुद्यात गाव नाही तर व्यक्ती हा घटक धरला. ते ज्यांनी सोसलंय त्यांचं बोलणं आहे, त्याला उत्तर म्हणून ग्रामस्वराज्याची गोड गोड वाक्यं चालणार नाहीत. आजही सभेत कोण खुर्चीवर बसतं आणि कोण दाराजवळ उभं राहतं ते बघा. वस्तीवरच्या माणसाने लाईटचा विषय काढला की "बघू, बघू" आणि वाड्यातल्या माणसाने काढला की लगेच लिहून घेतलं जातं. प्रश्न विचारणाऱ्याच्या शेताची वाट अडते, त्याला मजूर मिळत नाहीत, लग्नाला बोलवणं येत नाही. ही भीती खरी आहे, मी ती कमी लेखणार नाही. पण म्हणूनच मला वाटतं की ज्यांना ही किंमत मोजावी लागत नाही, ज्यांचं आडनाव, ज्यांची जमीन, ज्यांची नोकरी त्यांना सांभाळते, त्यांनी आधी उठायला पाहिजे. वस्तीच्या लाईटचा विषय वाड्यातल्या माणसाने मांडला तर काय बिघडतं? त्या १५ टक्क्यांचा हिशोब मी का विचारू नये? हक्क सगळ्यांना सारखे आहेत पण ते वापरायची किंमत सारखी नाही, आणि ज्याला स्वस्तात पडतं त्याच्यावर जबाबदारी जास्त.

मेंढा-लेखाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गडचिरोली जिल्ह्यातलं धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड आदिवासी गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांची. देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत मोहन हिराबाई हिरालाल यांनी कित्येक वर्षं तिथे काम केलं. तिथे बहुमताने ठराव होत नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलत राहायचं, आज नाही झालं तर परत बसायचं. एकाचा जरी विरोध असला तरी त्याचं म्हणणं काय आहे ते ऐकायचं. आणि सभेच्या जोडीला अभ्यास गट, म्हणजे निर्णय न घेता फक्त समजून घ्यायला बसायचं, बाहेरून जाणकार माणूस बोलवायचा, कायदा वाचायचा. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं, २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. हक्काचा कागद मिळून पण मधली दोन वर्षं बांबू विकायचा परवाना वनखातं देत नव्हतं, तेवढा काळ लढले ते. लोक म्हणतात ते आदिवासी गाव आहे, एकी असते, आमच्याकडे नाही जमणार. पण एकी काही आपोआप आली नाही ना, वर्षानुवर्षं बसून, ऐकून, वाचून आली. आपल्याकडे सभा दीड तासात गुंडाळायची घाई असते.

जबाबदारीचं बोलायचं तर शाळेच्या पुस्तकात ५१ अ कलम असतं, मूलभूत कर्तव्यं, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आली, आधी दहा होती, २००२ मध्ये अकरावं आलं. पोरं पाठ करतात. सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण वगैरे सगळं आहे त्यात आणि चांगलं आहे. पण गावात जबाबदारी म्हणजे मला तरी पहिल्यांदा घरपट्टी आठवते. घरपट्टी थकवणारे लोक आमच्याकडे कमी नाहीत, आणि थकवणारे गरीबच असतात असं नाही, बंगलेवाले पण थकवतात, इलेक्शनला उभं राहायचं म्हटलं की एका दिवसात सगळी थकबाकी भरतात कारण थकबाकीदाराला उभं राहता येत नाही. म्हणजे पैसे होते. वरती सांगितलेले १५ टक्के, १० टक्के, ५ टक्के, हे सगळे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे आहेत आणि स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्य करून आपली घरपट्टी. तुम्ही घरपट्टी बुडवली तर सरपंचाच्या खिशातून काही जात नाही, अंगणवाडीची टाकी जाते, दिव्यांग माणसाची सायकल जाते. पाणीपट्टी भरायची नाही आणि नळाला पाणी आलं नाही की ग्रुपवर शिव्या द्यायच्या, मोटरचं लाईटबिल कोण भरणार मग? पट्टीची पावती हातात असली की सभेत बोलताना आवाज पण वेगळाच लागतो.

आणि सभेत ऐकून घेणं ही पण जबाबदारीच. मी बघते, एक जण त्याच्या बांधाचं भांडण घेऊन येतो आणि अर्धा तास तेच, दुसरा मागच्या इलेक्शनचा राग काढतो, मग बायका उठून जातात, स्वयंपाक असतो, कोरम तुटतो. विषयपत्रिकेवर काय आहे ते वाचून या, आपला विषय असेल तर आधी लेखी द्या, दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या.

सभेत उत्तर मिळालंच नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५ चा कायदा, पण आपल्या महाराष्ट्रात त्याच्या आधीच २००२ चा राज्याचा कायदा होता, त्यासाठी अण्णा हजारेंनी आंदोलन केलं होतं. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तो पण नाही. तीस दिवसांत उत्तर द्यायचं, नाही दिलं तर पहिलं अपील, मग दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, आणि माहिती मुद्दाम दडवली तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड माहिती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. अर्जात एकच विषय ठेवा आणि थोडक्यात लिहा. "भ्रष्टाचार झाला आहे का" असं नाही विचारायचं, कागद मागायचे, अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या प्रोसिडिंगची नक्कल, अमुक कामाचं मोजमाप पुस्तक, बिलाची प्रत. एक विनंती मात्र आहे, हा कायदा कोणाला त्रास द्यायला किंवा सेटलमेंट करायला वापरू नका. असं करणाऱ्या चार जणांमुळे खरं विचारणाऱ्याकडे पण ऑफिसमध्ये संशयाने बघतात, "आला आरटीआयवाला" म्हणतात.

शहरातल्या मैत्रिणी मला म्हणतात तुमचं बरं आहे गं, आमच्याकडे तर असं काहीच नाही. खरंय त्यांचं. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते, आणि त्या सगळ्या काळात रस्त्यावर उतरून इलेक्शन घ्या म्हणणारे लोक किती दिसले? शहरांचा विषय मोठा आहे, त्यावर माझ्यापेक्षा तिथे राहणाऱ्या कोणीतरी लिहावं.

आमच्या गावची पुढची ग्रामसभा जवळ आलीये. घरकुलाची यादी वाचली जाणार आहे, त्यात कोणाचं नाव आहे आणि कोणाचं सुटलंय हे ग्रामसभेतच बघायचं असतं, नंतर तालुक्याला खेटे घालून काही होत नाही, म्हणून ज्यांचं पत्र्याचं घर आहे त्या प्रत्येकीला आम्ही बचत गटाच्या मीटिंगमध्ये सांगतोय की ये, आणि येताना जाऊबाईला पण घेऊन ये. महिला सभा आदल्या दिवशी घ्यायची असं लेखी पत्र दिलंय, पोच घेतलीये. सभेची वेळ दुपारची ठेवा, सकाळी बायकांना जमत नाही, हे पण त्यात लिहिलंय. आणि या वेळी आम्ही अजून एक गोष्ट करणार आहोत, ती तुम्ही पण तुमच्याकडे करून बघा. सभा संपताना उठायच्या आधी ग्रामसेवकांना म्हणायचं की आज झालेले सगळे ठराव आत्ताच मोठ्याने वाचून दाखवा, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारा, सरपंचांची सही तिथेच होऊ द्या, आणि त्याचा फोटो आम्हाला काढू द्या. दहा मिनिटं जास्त लागतील. तेवढी दहा मिनिटं कोणीही उठायचं नाही असं आमच्या गटात ठरलंय.